एकवीस गिअर आणि एक उशी

मला मूळव्याध नाही. कधीच नव्हती. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण माझ्या अख्ख्या सासुरवाडीचा समज नेमका उलटा आहे आणि तो खोडून काढायला मला घरातून बंदी आहे.

याला कारण एक सायकल. म्हणजे खरं तर माझा साडू मंदार. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, धाकट्या बहिणीचा हा नवरा. राहतो पुण्यात. माणसं सुट्टी घेऊन महाबळेश्वरला जातात, स्ट्रॉबेरी खातात, घोड्यावर बसून फोटो काढतात. हा मात्र सुट्टी घेऊन डोंगरात सायकल चढवणार, गुडघे फोडून घेणार आणि वर त्यालाच ‘हॉलिडे’ म्हणणार! बरं, हे करावं आणि गप्प बसावं, तर तेही नाही. परत आला की सासूबाईंकडे जेवायला सगळे जमतात आणि ताटं वाढायच्या आधी फोटो वाढले जातात.

अशाच एका जेवणाला सासूबाई फोटो बघत म्हणाल्या, "मंदाररावांची कमाल आहे बाई! नाहीतर काही काही माणसं बघा, रविवारी सोफ्यावरून उठत नाहीत."

काही काही माणसं म्हणजे मी. तिथे दुसरं कुणी सोफ्यावर बसलेलंच नव्हतं! मला काय झालं कोण जाणे, हातात बासुंदीची वाटी होती, तोंडातून निघून गेलं, "मीपण चालवतो की डोंगरातली सायकल. रोज सकाळी. भाईंदर ते उत्तन."

सुनंदाला ठसका लागला. (आमच्या घरात तेव्हा चाकं असलेली एकच वस्तू होती, गॅस सिलिंडरची ट्रॉली.)

"काय सांगता जयंतराव!" मंदार खूश होऊन उठलाच. "मग डिसेंबरात आमच्या ग्रुपबरोबर भंडारदऱ्याला चला. एकच जागा उरलीय. त्याआधी मी येतो तुमच्याकडे सायकल घेऊन. एकदा उत्तन करू, मला तुमचा अंदाज येईल."

घरी आल्यावर सुनंदाने पर्स टेबलावर आपटली. "बोललात ना? आता करून दाखवा! मी थोरली आहे त्या घरात. आईसमोर माझं नाक कापलं गेलं ना, तर याद राखा."

तेव्हा भंडारदरा राहिला बाजूला, वाचवायचं होतं ते सुनंदाचं नाक. दुसऱ्याच दिवशी जाऊन एकवीस गिअरची सायकल आणली.

दुकानदाराने मला गिअर समजावून सांगितले. "देखो सर, लेफ्ट में तीन, राइट में सात. आगे का चक्कर बड़ा, तो भारी. पीछे का चक्कर बड़ा, तो हल्का."

"मतलब बड़ा भारी होता है?"

"आगे."

"और पीछे?"

"पीछे उल्टा."

मी मान डोलावली. डॉक्टर एक्स-रे दाखवतात तेव्हा डोलावतो तशी. आजवर माझ्या हाताखाली आलेलं सगळ्यात अवघड यंत्र म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर, आणि त्याला बिचाऱ्याला पुढचं-मागचं असलं काही नसतं.

सुनंदाने आरतीचं ताट घेऊन खाली येऊन सायकलीभोवती एक फेरी मारली. "स्टँड कुठाय?"

"याला नसतं."

"मडगार्ड? कॅरिअर? घंटी?"

"नसतं गं."

"अहो, अर्धीच दिलीय तुम्हाला!" असं म्हणत तिने अर्ध्या सायकलीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पुढच्या शॉकअपला लिंबू-मिरची बांधली.

आता आमच्या सोसायटीची एक रीत सांगायला हवी. सायकल खाली ठेवायची तर तिचा एखादा अवयव वर घरी न्यायचा! चोऱ्याच तशा होत होत्या. कुणी पुढचं चाक न्यायचं, कुणी पेडल. आमच्या शेजारचे कमलेशभाई मुलाच्या सायकलीची हवा स्वतः सोडून द्यायचे आणि मग निर्धास्त झोपायचे. माझ्या सायकलीची सीट खटका उघडला की दांड्यासकट हातात यायची. मग काय, रोज सीट काखेत मारून मी लिफ्टने वर. थोड्याच दिवसांत हाताला अशी सवय लागली की सायकलवरून उतरलो की डोक्याला न विचारता हात खटक्याकडे जायचा.

त्यात मंदारने फोनवर बजावलं होतं, "पॅडवाली चड्डी घ्या हं, नाहीतर बसता येणार नाही." घेतली. काळी, अंगाला चिकटणारी, आणि बैठकीच्या जागी चांगली जाडजूड गादी शिवलेली. (पहिल्या दिवशी मी गादी पुढे घेऊन निघालो होतो. जाऊ दे ते.) सुनंदाने ती धुऊन गॅलरीत उलटी वाळत घातली. शेजारच्या गॅलरीतून कमलेशभाईंनी ती बघितली. रोज सीट काखेत घेऊन जाणारा मी त्यांनी लिफ्टमध्ये बघितलाच होता.

"जयंतभाई," लिफ्टमध्ये त्यांनी आवाज खाली आणला, "बैठने में तकलीफ है?"

"नहीं नहीं, वो सायकल के लिए है."

"समझ गया. शरमाने का नहीं. मेरे बड़े भाई को भी था." आणि संध्याकाळी त्यांनी इसबगोलचा डबा आणून दिला.

मंदार येणार होता तो रविवार उजाडला. मी गादीवाली चड्डी चढवून हॉलमध्ये आलो तर सुनंदा किंचाळली, "हे असं जाणार? गावातल्या बायाबापड्यांसमोर?" तिने माझा जुना फुलबाह्यांचा स्वेटर आणून कमरेला करकचून बांधला. मागून तो थेट पोटऱ्यांपर्यंत लोंबत होता. हा स्वेटर लक्षात ठेवा.

मुर्धा आणि राई या गावांपर्यंत रस्ता सपाट आहे. तिथे मी इतक्या हलक्या गिअरमध्ये होतो की पाय मिक्सरसारखे फिरत होते आणि सायकल जागची हलत नव्हती. माझ्या शेजारून एक म्हातारा चालत पुढे गेला! डोंगरीचा चढ लागला आणि मी नेमका गिअर भारी केला. साखळी कडकड वाजायला लागली.

"डावा खाली करा!" मंदार पुढून ओरडला.

"केला!"

"तो उजवा होता!"

त्या क्षणी मला गिअरच काय, स्वतःचे हातही नीट ओळखता येईनात. मंदार वळणाआड गेला तसा मी उतरलो आणि मुकाट सायकल ढकलली. पुढचं वळण आलं की वर चढायचं आणि रोज येत असल्यासारखा चेहरा करायचा.

उत्तनला पोचल्यावर मंदारने हेल्मेट काढलं. चेहऱ्यावर दया होती. मला दयेचा फार राग येतो. "जयंतराव, राग मानू नका, पण भंडारदऱ्याचे चढ याहून फार कडक आहेत. असं करू, परत जाताना तुम्ही पुढे राहा, मी मागून तुमचं रायडिंग बघतो. मग संध्याकाळी आईंना फोन करून काय ते सांगतो."

आईंना! म्हणजे नाकाचा निकाल संध्याकाळी लागणार होता.

तेवढ्यात समोरच्या घरातून हाक आली. आमच्या सोसायटीत मासळी घेऊन येणाऱ्या फिलोमिनामावशीचं ते घर. "आरं ये, ये! दारावरनं तसाच जातंस व्हय? पानी तरी पी."

अंगणभर बांबूवर बोंबील वाळत होते. मंदार समोर समुद्राचे फोटो काढायला गेला, मी सायकल कुंपणाला टेकवली आणि आत गेलो. मावशीने पाणी दिलं, मग काळा चहा दिला, मग माझ्या हाताकडे बघितलं.

"ह्ये काय?"

बघतो तर काखेत सीट!

"चोरीला जाते ना मावशी."

"हतं? हतं कोन सीट नेतंय बाबा? हतं कोन काय बी नेत न्हाय." ती इतकी हसली की मला ओशाळल्यासारखं झालं. मी सीट तिच्या सुक्या बोंबलांच्या टोपलीवर ठेवली आणि चहा संपवला. बाहेरून मंदारने हाक मारली, "चला जयंतराव, मी बघतोय!"

माझ्या डोक्यात एकच घोकंपट्टी चालली होती. पुढे मोठं भारी, मागे मोठं हलकं, डावा तीन, उजवा सात. धावत गेलो, सायकल ओढली, लहानपणी गिरगावात मारायचो तशी एका पेडलवर उभं राहून टांग मारली आणि बसायला गेलो.

जिथे सीट असायची तिथे उत्तनची हवा होती.

हवेच्या जरा खाली नळीचं उघडं तोंडही होतं, हे मला पुढच्याच क्षणी कळलं. आई गं! मी टुणकन उभा राहिलो. मागे बघितलं तर मंदार येतच होता. आता थांबावं, परत फिरावं आणि पुण्याच्या साडवासमोर सांगावं की मी सीट बोंबलांवर विसरलो? छे! मी उभाच राहिलो. लोंबणाऱ्या स्वेटरने सीटची रिकामी जागा झाकली होती, त्यामुळे मंदारला एवढंच दिसत होतं की जयंतराव उभ्याने सायकल हाणतायत.

पहिल्या वळणापर्यंत मजा वाटली. दुसऱ्याला मांड्या थरथरायला लागल्या. रस्त्याकडेच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागून बसचा हॉर्न. बाजूला व्हावं तर हँडलवरचा हात सुटेना. गिअर कुठला होता ते देवाला ठाऊक, कारण गिअर बदलायला सुद्धा धीर होत नव्हता.

"जयंतराव, बसा की आता!" मंदार मागून ओरडला.

"नको!" मी ओरडलो. "मला असंच आवडतं!"

"सपाटीवर तरी बसा!"

"सवय नाही!"

राई गेलं, मुर्धा गेलं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मनात मी सगळ्या बसलेल्या माणसांचा हेवा करत होतो. रिक्षावाले बसलेले, पानवाला बसलेला, एका सोडलेल्या बैलगाडीचा बैलसुद्धा बसलेला! सोसायटीचं गेट दिसलं तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. आत शिरताच सायकल भिंतीला टेकवली, स्वेटर सोडून तिच्यावर टाकला आणि भिंतीला धरून उभा राहिलो.

मंदार धापा टाकत आला. माझ्याकडे बघतच राहिला.

"एकदाही बसला नाहीत! अख्खं अंतर! अहो, आमच्या ग्रुपमध्ये असं कुणी करत नाही. आणि जाताना चढावर तुम्ही मुद्दाम मागे राहिलात ना? मला बरं वाटावं म्हणून!"

मी नम्रपणे मान खाली घातली. (वर धरायला ताकदच नव्हती.)

सुनंदा खाली आली होती, कमलेशभाई आले होते, वॉचमन आला होता. मंदारने तिथेच सासूबाईंना फोन लावला. "आई, जयंतरावांची जागा पक्की! अहो, काय सांगू तुम्हाला!" सुनंदाने फोन घेतला. तिचा चेहरा! लग्नातसुद्धा तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. "हो आई, मग! बोलत नाहीत ते कधी स्वतःबद्दल," ती म्हणाली, आणि खरं सांगतो, पायांचं दुखणं विसरून मला भरून आलं.

आणि गेटातून फिलोमिनामावशी आत आली. डोक्यावर टोपली, टोपलीत बोंबील, आणि बोंबलांमधून वर निघालेली माझी सीट.

"सुनंदाबाय!" अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असा आवाज. "तुजा नवरा सीट माज्या घरी टाकून आला! मी बशीनं आले बाई. ह्यो आला तरी कशावर?"

मंदारने स्वेटर उचलला. सायकल बघितली. टोपली बघितली. मग माझ्याकडे बघितलं. "म्हणजे... सीट नव्हतीच?"

फोन चालूच होता. आतून सासूबाई विचारत होत्या, "काय नव्हतं? काय झालं?"

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी कमलेशभाई पुढे झाले. त्यांना राहवेना. "अरे, क्यूँ बेचारे को परेशान करते हो? उनको बैठने में तकलीफ है! इसीलिए रोज़ सीट निकालते हैं. मैंने खुद गादीवाली चड्डी देखी है!"

सगळ्यांनी सुनंदाकडे बघितलं. मी तिच्याकडे डोळ्यांनी गयावया केली. खरं बोल गं, विसरलो म्हणून सांग! सुनंदाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सीटकडे, आणि एकदा हातातल्या फोनकडे. एका बाजूला वेंधळा नवरा होता, दुसऱ्या बाजूला आजारी. तिने नीट विचार केला. बायकोला ओळखतो मी, तिने अगदी नीट विचार केला.

मग तिने पदर डोळ्यांना लावला. "हो आई," ती फोनवर म्हणाली, "फार त्रास आहे त्यांना. पण जिद्द बघ!"

मंदारने मला वाकून नमस्कार केला.

डिसेंबरात त्यांनी मला भंडारदऱ्याला नेलं, पण सायकलवर बसू दिलं नाही. अख्खी सहल मी सामानाच्या जीपमध्ये, मंदारने खास आणलेल्या हवेच्या रबरी रिंगवर बसून केली. सासूबाई अजून मला मूळव्याधीवर गुणकारी म्हणून वर्षभर पुरेल एवढा सुरण पाठवतात. आणि सासुरवाडीला जेवायला जमलो की आता फोटो कुणी बघत नाही, माझी गोष्ट सांगतात. सगळे साध्या खुर्च्यांवर बसतात आणि माझ्या खुर्चीवर सासूबाई स्वतः उशी ठेवतात. मी गपचूप बसतो. सुनंदाचं नाक त्या घरात आजही ताठ आहे, आणि ते तसं राहावं म्हणून मी उशीवर आहे.