बदकांसाठी अडवलेलं पाणी

मी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचं डोकं फावड्यानं फोडलं तेव्हा मी साठ वर्षांची होते आणि माझ्या मते जगातली सगळ्यात समंजस बाई होते. पस्तीस वर्षं विलायतेत काढली होती. रांगेत उभी राहायचे. कुणी पाय तुडवला तरी आपणच 'सॉरी' म्हणायचे.

त्याच वर्षी निवृत्त होऊन सात वर्षांच्या नातीला घेऊन मी लोणावळ्याजवळ भाज्याला, माहेरी राहायला आले. लेक आजारात गेली. जावई कॅनडाचा. आईकडून एक आणि बापाकडून एक, असे नातीकडे दोन पासपोर्ट. माझ्याकडे विलायतेचा पासपोर्ट आणि भारतात राहायचं कार्ड. त्या कार्डाच्या जोरावर मीही गावभर 'दोन देशांची नागरिक' म्हणून मिरवायचे. कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे या बाईला ठाऊक होतं, पण ऐकणाऱ्यांना नव्हतं ना! जावयानं मुलगी सोपवताना एकच सांगितलं होतं, "पोलीस, मारामारी, असलं काही कानावर आलं तर मी पहिल्या विमानानं येऊन तिला नेईन."

वडिलांच्या जमिनीतलं वरचं खाचर माझ्या वाट्याचं, त्याखालचं भावाचं. वरचं भरलं की बांधाला ठेवलेल्या वाटेनं पाणी खाली उतरतं. भातखाचरांत जन्मलेल्या पोरीला हे सांगायला लागू नये. पण नातीला बदकं हवी होती, बदकांना तळं हवं होतं, आणि या विलायती बाईला ती वाट म्हणजे नुसती फट दिसली. मी ती सिमेंटनं बुजवली. वर गुळगुळीत गिलावाही केला.

खाली भावाची लावणी थांबली. मजूर बायका रोपांच्या जुड्या घेऊन बांधावर बसून राहिल्या. तो पहार घेऊन आला.

"आक्का, वाट कुनी बुजवली?"

"मी. माझं खाचर, माझं पाणी."

"पानी तुझं? ढगाला दावलास व्हय तुझा पासपोर्ट?"

बायका खदाखदा हसल्या. त्यानं गिलाव्यावर पहार घातली आणि मी त्याला ढकललं. त्यानं माझा अंबाडा धरून मला चिखलात लोळवलं. तोंडात चिखल गेला. तेवढ्यात नात धावत आली आणि त्याच्या दंडाला चावली. त्यानं तिला झटकलं, ती पाण्यात आपटली. पुढचं मला आठवत नाही असं मी बरीच वर्षं सांगत आले. चक्क खोटं. सगळं आठवतं. बांधावरचं फावडं दोन्ही हातांनी उचललं, नेम धरला आणि हाणलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला. तो गुडघ्यावर बसला. रक्त कानामागून गळ्यावर, तिथून पाण्यात. बदकं कलकलत पळाली. आणि खरं सांगू? एक क्षण फार बरं वाटलं.

लोणावळ्याच्या दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "कुणी मारलं? पोलिसांना कळवावं लागेल."

बाकावर नात बसली होती, ओठ सुजलेला. मला विमानच दिसायला लागलं.

भाऊ म्हणाला, "कोन मारनार? बांधावरनं पडलो. पहारीवर."

बाहेर व्हरांड्यात मी त्याचे आभार मानायला गेले, तर भावजयीनं वाट अडवली आणि फाडकन माझ्या कानशिलात लगावली. सावरते तोवर दुसरी.

"येक त्यांची, येक माजी. पोरीसाटी गप बसलं ते, वन्सं. न्हाईतर आज तुमाला पोलिसांच्या गाडीत बसवलं असतं."

मी उलट हात उचलला नाही. विलायती संस्कार म्हणून नव्हे, तिचा हात जड होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी सिमेंट फोडत बसले. इतकं पक्कं काम माझ्या हातून आयुष्यात दुसरं झालं नाही. भाऊ डोक्याला पट्टी बांधून बांधावर बसला होता. दर घावाला शिव्या घालत होता आणि मी त्या खात होते. तेवढ्यात नात फोन घेऊन आली. पडद्यावर जावई.

"मागे बसलेत त्यांना काय झालं?" त्यानं तिला इंग्रजीत विचारलं. "आणि तुझा ओठ?"

माझी पहार वरच राहिली. नातीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दोघं पडलो," ती म्हणाली. "इथे फार घसरतं."

"तू पाहिलंस त्यांना पडताना?"

"हो. मी तिथेच होते."

इतकी सहज, डोळ्याला डोळा भिडवून. जावयानं जपून राहायला सांगून फोन ठेवला.

भावाला इंग्रजी येत नाही. "काय म्हनली पोर?"

"तू पडलास म्हणाली."

तो हसला नाही. त्यानं नातीकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "दोन दिवसांत आपल्याकडनं शिकली. तू हान आता, दुपारपातूर पानी खाली आलं पायजे."

मी पहार पुन्हा घातली.