कागद गळलेली बाटली

आमच्या देवीनं मला नाही म्हटलं होतं. चांगला ढळढळीत डावा कौल दिला होता. आणि तरी मी आज फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे! हे कसं झालं ते कधीपासून सगळ्यांना सांगायचं होतं, म्हणून सुट्टीत घरी आल्या आल्या टायपिंगच्या क्लासवाल्या बाईंकडे जाऊन त्यांचं मराठी मशीन मागून बसलेय. बोटं मनाच्या पुढं पळतायत, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव रत्नागिरीजवळच्या पालीपासून तीन मैल आत. आईला दम्याचा त्रास, बाबा मुंबईला नोकरीला, त्यामुळं आईचं औषध आणायला लहानपणापासून पालीच्या दवाखान्यात मीच जायची. तिथले कंपाउंडरकाका एका छोट्या खिडकीच्या आत उभे असायचे. लाल औषध बाटलीत ओतायचे, मग कागदाची पट्टी घ्यायचे, कात्रीनं तिच्या कडेला खाचा पाडायचे आणि डिंक लावून बाटलीवर चिकटवायचे. एक खाच म्हणजे एक डोस. ती बाटली पदराखाली धरून आई रात्री निवांत झोपायची, जशी काही औषध घेण्याआधीच बरी झालीय! तेव्हापासून मला त्या खिडकीच्या आत जायचं होतं. दुसरं काही नाही हो, फक्त आत. पालीला बाजाराला गेले तरी दवाखान्यावरून वळसा घालायची, त्या डिंकाचा नि औषधाचा वास छातीत भरून घ्यायची आणि घरी यायची.

पण मनात असून काय उपयोग! रत्नागिरीला कॉलेजात गेले आणि मोकळं सुटल्यासारखं झालं. मैत्रिणी, सिनेमे, मांडवीच्या किनाऱ्यावर फिरणं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी दोन विषयांत आपटले. कोणाला दोष देऊ? अभ्यासच केला नव्हता. कसंबसं शहाऐंशी साली थर्ड क्लासात बाहेर पडले. बाबांचं पत्र आलं, ‘टायपिंग शीक, इकडे कुठंतरी चिकटवतो.’ मी टायपिंग शिकायला लागले. आणि नेमकी तेव्हाच पेपरात जाहिरात दिसली. कोल्हापूरच्या बाजूला फार्मसीचं नवीन कॉलेज निघालं होतं. खाली लिहिलेलं, तिन्ही वर्षांच्या मूळ गुणपत्रिका घेऊन मुलाखतीस यावे. तिन्ही! म्हणजे ती नापासाचीसुद्धा!

मग मी एक युक्ती काढली. दुसऱ्या वर्षाची गुणपत्रिका दाखवायचीच नाही. विचारलं तर सांगायचं, वाळवीनं खाल्ली. आमच्याकडे मातीच्या घरात वाळवी काय काय खाते ते सगळ्यांना माहीत आहे, कोण शंका घेणार?

मुलाखतीच्या आदल्या दिवशी आई मला देवळात घेऊन गेली. आमच्याकडे कुठलंही मोठं काम कौल लावल्याशिवाय होत नाही. गुरवकाका देवीच्या पाषाणाला उजवीकडे नि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. काकांनी गाऱ्हाणं घातलं, “आई म्हाराजा, लेकराच्या मनात जा काय हाय, ता पुरा कर गो आई!” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आता तू मनातल्या मनात माग, बाय. सरळ माग.”

मी डोळे मिटले. आणि खरं सांगते, मी काय मागितलं? ‘आई, ती गुणपत्रिका लपलेली राहू दे. वाळवीचं त्यांना खरं वाटू दे.’

डोळे उघडले तर डावी कळी खाली.

आम्ही घरी आलो. मी रात्रभर उशीत तोंड खुपसून रडले. संपलं, ती खिडकी आता मला कधीच मिळणार नाही. पण सकाळी आईनं भाकऱ्या बांधून दिल्या. “जा गो तू. देवी नको म्हणाली तर म्हणाली. काढलेल्या तिकिटाचे पैसे काय ती परत देणारे?” मी जीव नसल्यासारखी निघाले. ती दुसऱ्या वर्षाची गुणपत्रिका घरी ठेवायचाही धीर होईना, म्हणून पिशवीत अगदी तळाला, भाकरीच्या फडक्याखाली घातली.

पालीला गाडी आली. पाऊस मी म्हणत होता, एसटीचं छप्पर गळत होतं. माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली, निथळत. तिनं ओटीतून बाटली काढली. लाल औषध! पण वरची पट्टी भिजून गळून गेलेली, नुसती डिंकाची खूण राहिलेली.

“बाय माझी, शिकलेली दिसतेस. माका सांग, यातला किती घेऊ? छातीत कसा भरून आलाय बघ.”

मला तर सगळं माहीत असल्यासारखंच वाटलं. आईच्या बाटल्या काय कमी पाहिल्या होत्या? ‘दोन चमचे’ हे शब्द अगदी जिभेवर आले. म्हातारीनं तर बूच काढून बाटली तोंडाशी नेली. आणि मला काय झालं कोणास ठाऊक, मी तिचा हात धरला.

“आजी, नको! मला माहीत नाही. वरचा कागद गेलाय, कशाचं औषध आहे तेही दिसत नाही. साखरप्याला दवाखाना आहे, तिथं उतरून विचारा.”

ती हसली. तोंडात दोनच दात. “खरा बोललीस गो. कागद गळला नि बाटली आंधळी झाली.”

साखरप्याला मी तिला हात देऊन उतरवलं. कंडक्टर ओरडला, “ओ ताई, तुमची आजी का?” मी नाही म्हणून मान हलवली. नाव विचारायचंही सुचलं नाही. गाडी घाट चढायला लागली आणि मी पिशवी मांडीवर ओढून घेतली. पिशवीच्या तळाला माझा स्वतःचा कागद होता, आणि तो मीच फाईलमधून काढून लपवला होता.

मुलाखतीत टेबलामागे तीन जण होते. मधल्या सरांनी फाईल उघडली. “दुसऱ्या वर्षाची कुठंय?”

मी पिशवीत हात घातला. भाकरीच्या फडक्याखालून कागद काढला, चटणीच्या तेलाचा डाग पडलेला. “ही आहे सर. दोन विषयांत नापास. लपवणार होते. वाळवीनं खाल्ली म्हणून सांगणार होते.”

शेजारच्या बाईंना हसू आवरेना. “मग काय झालं? वाळवीला भूक नव्हती?”

मग मी सगळं सांगितलं. खिडकी, पट्टी, म्हातारी, आंधळी बाटली. बोलताना रडू आलं. सरांनी तो तेलकट कागद फाईलमध्ये लावला. मग म्हणाले, “मार्क फारच कमी आहेत. प्रतीक्षा यादीत घालतो. पुढचं तुमचं नशीब.”

पुढचे सव्वीस दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज पोस्टमनची सायकल वाजली की पायरीवर, आणि तो पुढं गेला की परत टायपिंगला. पण एक सांगू? त्या दिवसांत मी देवीकडे काहीच मागितलं नाही. दिवा लावायची, नुसती उभी राहायची. ओढ तेवढीच होती, उलट वाढलीच होती, पण ती मुठीत घट्ट धरायची नाही, तिच्या पायाशी ठेवून यायचं, एवढं जमायला लागलं होतं. सत्ताविसाव्या दिवशी पत्र आलं. एक जागा रिकामी झाली होती!

नारळ घेऊन देवळात पळाले. “काका, देवी चुकली! कौल डावा होता आणि मला मिळालं!”

गुरवकाका नारळ सोलायचे थांबले. “मागितलं काय होतंस तू?”

मी सांगितलं. वाळवीसकट सगळं.

“मग?” काका म्हणाले, “लपलं का ता?”

आता कॉलेजात बाटलीवर पट्टी चिकटवायची असली की मी खाचा दोनदा मोजते. मुली चिडवतात, चिडवू देत. आणि सुट्टीला येताना साखरप्याला गाडी थांबली की खिडकीतून डोकं बाहेर काढून बघते. दोन दातांची ती म्हातारी अजून दिसली नाही. दिसली तर पाया पडायचंय. नाही दिसली तर तिथूनच हात जोडते, गाडी सुटेपर्यंत.