सत्कारमूर्तीला वेळच उरला नाही

मी जन्माचा चौकस. वडशाला आमच्या घरी म्हणत, शेजारच्या चुलीवर काय शिजतं ते कळल्याशिवाय याला घास गिळत नाही. असा माणूस चंद्रपूरला वनखात्याच्या शिक्षणाला गेला आणि त्याला बाजूची खाट मिळाली ती टांझानियाच्या मुलाची. मग काय विचारता! ऐंशीच्या दशकातली गोष्ट. टांझानिया मी आधी नकाशात शोधला आणि मग त्याच्या मागे लागलो. तुमच्या इथी सागवान हाये का? हाये, जर्मन लोकांनी लावलं. मोहा हाये का? नाही. मग दारू कशाची काढता? केळ्याची. केळ्याची! अरे बापा! पुढचे तीन दिवस भेटेल त्याला मी ही बातमी सांगत सुटलो.

तो सरकारी शिष्यवृत्तीवर आला होता. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो, तोही आम्हाला भाऊ म्हणायचा. वर्षभरात तो मराठी शिकला ती आमचीच, 'मले-तुले'वाली आणि 'का'ला 'काऊन' म्हणणारी. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याला त्याने "काऊन आले?" असं प्रेमाने विचारलं तेव्हा त्या गृहस्थाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

डिसेंबरात आम्हा अठरा जणांचा मुक्काम मुलचेऱ्याकडच्या जंगलात होता. तंबू ठोकलेले, दिवसभर झाडांचे घेर मोजायचे. एका सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "सोमवारी आमचा पंधरा ऑगस्ट हाये."

आम्ही उडालोच. मग करू ना साजरा! त्याने हात वर केले. "मोठं काही नको. मले फक्त आईसाठी बोलायचं हाये."

त्याच्याजवळ एक टेप होता आणि एकच कॅसेट. कॅसेटच्या एका बाजूला त्याच्या चर्चमधली गाणी होती, निघताना आईनेच भरून दिलेली. दुसरी बाजू कोरी. आईला वाचता येत नव्हतं, गावात फोन नव्हता. दीड वर्षात तिने त्याचा आवाज ऐकलेला नव्हता. नागपुरात शिकणारा त्याचा एक गाववाला मंगळवारी मायदेशी निघणार होता. आमचे साहेब, म्हणजे आम्हाला शिकवणारे अधिकारी, सोमवारी दुपारच्या जीपने बल्लारपूरला आणि तिथून रेल्वेने नागपूरला जायचे होते. कॅसेट त्यांच्याच हाती द्यायची. ही वेळ चुकली तर पुन्हा कधी कोण जाईल, देव जाणे.

इतकं साधं होतं ते. पण आम्ही पडलो मराठी माणसं. चार माणसं एकत्र आली की आम्हाला अध्यक्ष लागतो. साहेब अध्यक्ष ठरले, भाऊ सत्कारमूर्ती ठरला, आणि सूत्रसंचालन मी स्वतःकडे ओढून घेतलं. झाडीपट्टीच्या नाटकांत पडद्यासमोर उभं राहून घोषणा केलेला माणूस मी, माझ्याशिवाय कोण करणार?

झेंड्यासाठी मी सायकलने मुलचेऱ्याच्या बाजारात गेलो. तिथला बंगाली शिंपी पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेला. हिरवं आणि निळं कापड, मधून तिरपा काळा पट्टा, काळ्याच्या दोन्ही कडांना पिवळं, असं कागदावर काढून दाखवलं तर त्याने चष्मा वर करून विचारलं, "किस देश का है?" सांगितलं. तो हसला. म्हणाला, "हमारा गाँव वहीं का वहीं है, झंडा तीन बदल गया." काळं कापड नव्हतं त्याच्याकडे, तेव्हा त्याने दुरुस्तीला आलेल्या छत्रीचं कापलं. छत्रीवाल्याला काय सांगितलं असेल, मला अजून कुतूहल आहे.

सोमवारी सकाळी बांबूला झेंडा चढला. आत झेंडूच्या पाकळ्या बांधल्या होत्या, आपल्या पद्धतीने. दोरी ओढली तशा त्या भाऊच्या डोक्यावर पडल्या. तो वर बघतच राहिला. त्यांच्याकडे झेंड्यात फुलं बांधत नाहीत म्हणे. मग त्याने हात छातीशी धरून एकट्याने आपलं राष्ट्रगीत म्हटलं. त्याने टेप लावायला हात पुढे केला होता, पण मीच अडवलं. "थांब ना भाऊ, आत्तापासून काऊन वाया घालतोस? भाषणं सुरू झाली की लावू."

भाषणं सुरू झाली. मी टेप लावला आणि प्रास्ताविक केलं. आफ्रिका खंडाची माहिती दिली, केळ्याची दारूही सोडली नाही. मग सत्कार, शाल, नारळ. मग तिघे मित्र बोलले, प्रत्येकजण 'दोनच शब्द' म्हणून उठला. शेवटी साहेब. साहेबांनी सागवानापासून सुरुवात केली आणि बोलता बोलता ते आपल्या शाळेच्या दिवसांत शिरले. भाऊ खुर्चीत शाल सावरून बसला होता. त्याचं भाषण मी मान म्हणून सगळ्यांच्या शेवटी ठेवलं होतं. पण साहेबांनी "जय हिंद, आणि आता जेवू या" म्हटलं, सगळे उठले, आणि मीही उठलो. बुंदीचा वास येत होता, खोटं कशाला बोलू?

जेवणं झाली. कोणीतरी म्हणालं, टेप ऐकू या. आपलाच आवाज पेटीतून येताना ऐकण्याची केवढी मजा होती तेव्हा! "हा मी आहे?" "असा बोलतो मी?" माझं प्रास्ताविक तर मी दोनदा ऐकलं. साहेबांचं भाषण अर्ध्यावर आलं तसा त्यांचा आवाज जड, रेंगाळलेला यायला लागला. सेल उतरत होते. आम्ही खो खो हसलो. मग एका वाक्याच्या मध्येच बाजू संपली.

"आन् भाऊचं कुठी हाये?" एकाने विचारलं.

भाऊने खिशातून घडी केलेला कागद काढला, पाहिला, पुन्हा खिशात ठेवला. म्हणाला, "असू द्या ना. आईले तुमचे आवाज तरी समजतीन." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याच्या आईची कॅसेट आम्ही आमच्याच बडबडीने भरली होती, आणि ती ऐकून ऐकून सेलही मारले होते.

जीप येऊन उभी राहिली होती. साहेब टॉवेलला हात पुसत आले, कोणीतरी त्यांना घडलं ते सांगितलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार. साहेबांनी आपला टॉर्च काढला, मागचं झाकण फिरवलं आणि सेल माझ्या हातावर ठेवले. "माझ्या भाषणावर घे रे. तसंही त्यात काही नव्हतं."

आणखी एकाच्या टॉर्चमधले दोन सेल घेऊन चार झाले. साहेबांच्या भाषणाच्या सुरुवातीपर्यंत मी टेप मागे नेला. दहा-बारा मिनिटं मिळणार होती. भाऊ टेप मांडीवर घेऊन बसला. कागद त्याने काढलाच नाही, तो आमच्यासाठी मराठीतून लिहिलेला होता. तो आपल्या भाषेत बोलू लागला आणि आम्ही सतरा तोंडं एकदम गप्प. कळत काहीच नव्हतं.

मग त्या अनोळखी बोलण्यात एकदम एक नाव ऐकू आलं. आमच्यातल्याच एकाचं. तो मुलगा दचकला. मग दोन-तीन वाक्यं, मग दुसऱ्याचं नाव. तो एकेकाकडे बघून आईला आम्ही कोण कोण ते सांगत होता. ज्याचं नाव येई तो शाळेत हजेरी दिल्यासारखा ताठ होई. साहेबांचंही आलं. साहेबांनी खाली पाहिलं.

मी वाट पाहत होतो. पंधरा झाले, सोळा झाले. तो माझ्याकडे वळला, हसला, बोलायला तोंड उघडलं, आणि टेपचं बटण खट्टकन वर आलं. बाजू संपली होती.

"तुझं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं," तो म्हणाला. "तुझ्याबद्दल जास्त सांगायचं होतं."

त्याचा हात टेप मागे न्यायला गेला, पण माझ्यासाठी दुसऱ्या कोणाचं तरी नाव पुसलं गेलं असतं. मी कॅसेट काढली आणि साहेबांना देऊन टाकली. मला फार लागलं ते, अजून लागतं. सकाळी त्या खुर्चीत, खांद्यावर शाल घेऊन त्याला काय वाटलं असेल, हे त्याला इतके प्रश्न विचारूनही मला तोवर कळलेलं नव्हतं.