लाकडी बैलाची जागा

पोळ्याच्या रांगेत किसनराव गावंडे यांची जागा डावीकडून तिसरी, मारुतीच्या ओट्याला लागून. आधी बापाची होती, मग त्यांची झाली. भातकुलीच्या पुढचं हे गाव खारपाणपट्ट्यातलं. विहीर खणली की मीठ लागतं, आणि ते माणसांच्या बोलण्यातही उतरतं. किसनरावांच्या बोलण्यात जरा जास्तच.

ते झडत्या रचायचे. बैल रांगेत उभे राहिले, की एकेकाने पुढे होऊन यमकांत टोमणा हाणायचा, शेवटी 'हर बोला' म्हणायचं आणि गावाने 'हर हर महादेव' अशी साथ द्यायची. या गावाची रीत अशी, की शेवटच्या झडतीला साथ मिळाल्याशिवाय मानाची जोडी तोरणाखालून निघत नाही, आणि तिच्याआधी कुणाचाच बैल हलत नाही. आणि शेवटची झडती वर्षानुवर्षं किसनरावांची.

एका पोळ्याला नळयोजनेचे साहेब पाहुणे म्हणून खुर्चीत बसले होते. किसनराव त्यांच्यासमोरच उभे राहिले.

"हिरीत मीठ अन् नयात वारा,
साहेबाच्या हाती बाटलीचा झरा;
भाषन झालं, टायी द्या रे,
जाता जाता येक घोट आमचा घ्या रे!"

गाव हसून लोळलं. साहेबांनी बाटली खुर्चीखाली ठेवली. लोक पाठ थोपटायला आले, तेव्हा किसनराव म्हणाले, "शेवटची ओय माही नोय. ते आमच्या चुलीवर शिजते."

खरंच होतं ते. तीन ओळी ते झपाट्याने रचत आणि चौथीला अडत. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसत. जमुनाबाई भाकरी थापता थापता, मान वर न करता ओळ फेकत. "घ्या. अन् आता उठा तिथून, धूर तुमच्या आंगाले अडून राह्यला." त्यांच्या संसारात याहून मोठं प्रेमाचं बोलणं कुणी ऐकलं नाही.

लम्पीच्या साली जोडीतला एक बैल गेला. उरलेला दावणीला झुरू लागला, म्हणून किसनरावांनी तो मोर्शीकडच्या साडूला जोडीसाठी दिला. पुढच्या पोळ्याला गावाला वाटलं, तिसरी जागा आता मोकळी. किसनराव मात्र हातात वाकस घेऊन बसले. सुतारकाम कधी केलेलं नाही, आणि उतावळेपणा इतका, की लाकूड घेतलं ते ओल्या कडूनिंबाचं. सागाचं घ्या म्हणून सांगणाऱ्याला शिव्या मिळाल्या. बैल तयार झाला, चार चाकांवर उभा राहिला, आणि दिवाळीपर्यंत सुकून पोटातून उभा तडकला. शिंगं बकरीची वाटत. ती भेग मग दर उन्हाळ्यात उघडे आणि पावसाळ्यात मिटे.

हा बैल घेऊन ते त्याच पोळ्यापासून खऱ्या बैलांच्या रांगेत उभे राहू लागले.

"किसनभाऊ, तान्हा पोया उद्या हाय," ट्रॅक्टरवाला पुंजाजी म्हणाला. "लेकराईच्या लाकडी बैलाईचा."

"मले माईत हाय. बैल गेला म्हून तोंड बी गेलं काय रे माहं?"

दोरी नातीच्या हाती असे. आचल, अकोल्याच्या जठारपेठेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या लेकाची, नितेशची मुलगी. पोळ्याला हटकून यायची. एकदा तिने आजोबांची झडती शाळेत म्हटली, ती पुस्तकी मराठी करून. आजोबांनी फोनवर ऐकलं आणि भडकले. "झडतीले इस्तरी कावून केली वं बाई?"

गेल्या चैत्रात ते गेले. अमरावतीच्या दवाखान्यात नळ्या लावलेल्या, तरी नर्सबाईवर तीन ओळी रचून झाल्या होत्या. चौथीसाठी त्यांनी जमुनाबाईंकडे पाहिलं. जमुनाबाईंना ती सुचली नाही. नाही तर नाही. मरणाला यमक जुळवून द्यायला त्या बांधील नव्हत्या.

श्रावण सरत आला, तेव्हा किसनरावांचे थोरले भाऊ भगवंतराव ओसरीवर येऊन बसले. "वरीस झालं नाई. औंदा आपल्या घरी सन नाई. जागा खाली राहू द्या."

नितेशनेही मान डोलावली. "आई, लोक काय म्हणतील?"

"खाली कुठं राह्यते?" जमुनाबाईंनी थोरल्या दिरांपुढे पदर डोक्यावर घेतला, पण आवाज खाली घेतला नाही. "पुंजाजी थ्या जागी टॅक्टर लावाले टपून बसला हाय. येक डाव लागला का निंगते काय?"

"मंग बाईमानूस उभं राहीन? अन् तेबी..." पुढचा शब्द भगवंतरावांनी गिळला.

"बोला ना भाऊजी. रांडमुंड म्हना. शब्दानं काई माहा हात मोडत नाई."

पोळ्याच्या दिवशी झेंडू आणि फुगे लावलेला पुंजाजीचा ट्रॅक्टर तिसऱ्या जागेसमोर आला तेव्हा तिथे जमुनाबाई उभ्या होत्या. पुढे तडकलेला बैल, दोरी आचलच्या हातात. नितेश जरा लांब, पण आलेला.

"काकू, सरका थोडं."

"तुह्या टॅक्टरले रिवर्स हाय ना?"

हसू फुटलं आणि लगेच विझलं. ट्रॅक्टर मागे गेला. झडत्या सुरू झाल्या, संपत आल्या. शेवटी जमुनाबाई पुढे झाल्या. या तोरणाखाली बाईने झडती म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"लाकडाचा बैल, मांगत नाई चारा,
धनी गेला तरी सोडत नाई थारा;
रडाचं तं घरी रडली म्या लय,
तोरनाखाली मले कोनाचं भय?
हर बोला..."

कुणी बोललं नाही. माणसं भगवंतरावांकडे पाहत होती आणि भगवंतराव तोरणाकडे. साथीवाचून झडती पडत होती. ती पडली की जागाही गेली. नितेशने तोंड उघडलं, तेव्हा जमुनाबाईंनी हाताने त्याला थांबवलं. घरच्याची साथ गावाची होत नाही.

त्या तिथेच बैलाशेजारी खाली बसल्या.

"बसतो आमी. आमच्या बैलाले भूक नाई."

खऱ्या बैलांना होती. सकाळपासून रंगवून, सजवून ताटकळलेले, घरोघरी त्यांच्यासाठी पुरणपोळ्या निवत चाललेल्या. मानाच्या जोडीने जमीन उकरायला सुरुवात केली. एका खोंडाने झूल फेकली. धन्यांचे हात कासऱ्यांनी सोलवटू लागले. आचलने दोरीचा एक वेढा मनगटाभोवती आणखी घेतला, जणू तिचाही बैल ओढत होता.

"अरे बोला ना बे कोनी!" पुंजाजी ट्रॅक्टरवरून ओरडला, आणि कुणी बोलेना तेव्हा स्वतःच, रागाने, छाती फुटेस्तोवर, "हर हर महादेव!"

मग गाव बोललं. तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल उधळले. धुळीतून सगळ्यांत शेवटी एक बैल निघाला, चाकं कुरकुरत, पोटाची भेग पावसाने मिटलेली.

"आजी," आचल म्हणाली, "पुढच्या वर्षी झडती मी म्हणणार."

"म्हन. पन इस्तरी करू नोको."