सर्जेरावांच्या कमरेचा कासरा

विहिरीच्या काठावर बसून सर्जेराव आधी लाकडी पाय सोडायचे, टॉवेलात गुंडाळून सावलीला ठेवायचे आणि मला दटावायचे, "गुरुजी, ध्यान ठेवा. कुत्रं पळवील." मग तिथूनच धप्पकन उडी! एकदा मी भीत भीत विचारलं, एका पायानं जमतं कसं? तर म्हणाले, "पान्याला कुटं पाय मोजता येत्यात?"

मी वळसंगच्या शाळेत रुजू झालो, तेव्हा मात्र हा माणूस घराबाहेर पडत नव्हता. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर पाय गेला होता. त्याआधी निम्म्या गावाला पोहायला त्यांनीच शिकवलेलं. आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून. मी पेपर वाचून दाखवायला गेलो, की म्हणायचे, "मेलेल्याला बातम्या कशापायी, गुरुजी?" त्यांची आई, गंगूबाई, फार धास्तावलेली. दुष्काळ सरला, विहिरी भरल्या, गाव आनंदलं. हिची मात्र झोप उडाली. "एकुलता हाय वो माजा," एवढंच म्हणायची.

एका दुपारी ती शाळेत धावत आली. "गुरुजी, सर्जा घरात न्हाय! कुबड्या इहिरीवर पडल्यात!" मी हातातल्या खडूसकट पळालो. बघतो तर खाली सर्जेरावांचं डोकं बुडतंय, वर येतंय. मला काय सुचलं कोण जाणे, चपलांसकट उडी ठोकली. पाण्यात पडल्यावर आठवलं, अरे, आपल्याला पोहता कुठं येतं!

नाकातोंडात पाणी गेलं. तेवढ्यात कुणीतरी मानगूट धरून मला पायरीवर आणून टेकवलं. "पवाया येत न्हाय तर उडी कशाला मारली वो?" सर्जेराव धापा टाकत ओरडत होते.

"तुम्हाला वाचवायला!"

 ते हसले, आणि हसता हसता रडायला लागले. "खोटं कशाला बोलू? जीव द्यायलाच आलतो. पर पान्यात पडलो आन् हात आपसूक चालाय लागलं की."

हे वरून गंगूबाईनं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून सर्जेराव विहिरीवर निघाले, की ती बैलाचा कासरा घेऊन मागे. शिकाऊ पोराच्या कमरेला बांधतात तसा बांधायची आणि टोक हाताला गुंडाळून काठावर बसायची. "आये, गाव हसतंय," ते कुरकुरायचे. "हसू दे." वर्षभर तिनं तो कासरा सोडला नाही. लाकडी पाय आला तरीसुद्धा नाही.

मग एक दिवस त्यांचा फौजेतला दोस्त शिवदास वैरागहून आला. उजवा हात कोपरापासून गेलेला. घरात बायकोशीही बोलत नव्हता. सर्जेरावांनी त्याला विहिरीवर आणलं. तो पाण्याकडे नुसता बघत उभा राहिला. त्याची ती नजर गंगूबाईनं लगेच ओळखली.

ती उठली. लेकाच्या कमरेची गाठ सोडली. "तू जा, सर्जा. तुज्यापायी वाटायची ती भीती गेली माजी." सर्जेरावांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

गंगूबाईनं तोवर कासरा शिवदासच्या कमरेला बांधलासुद्धा.

"उतर लेकरा," ती म्हणाली, "म्या धरलंय."