जोडव्यांचा आवाज

सकाळी बागेत मला शांतता लागते, म्हणून तो पिंपिं आवाज ऐकून मी आधी वैतागलेच. आमच्या शेजारचे निवृत्त सर, मुलाने पाठवलेला नवा मेटल डिटेक्टर घेऊन हिरवळीवर फिरत होते. लांब दांडा, टोकाला ताटलीएवढी चकती. सोबत त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, सापडेल ते ठेवायला कापडी पिशवी घेऊन.

सापडलं काय, तर सोड्याच्या बाटल्यांची झाकणं आणि एक गंजलेली पिन. आपणही इथे काय काय पाडून गेलो असू, मला वाटलं. केसांतला आकडा, सायकलची किल्ली. माती बोलून दाखवत नाही, नुसती पोटात ठेवते.

तेवढ्यात यंत्र जोरात वाजलं. सरांनी उकरलं, काहीच नाही. पुन्हा वाजलं, पुन्हा काही नाही.

"अहो, माझी जोडवी वाजताहेत," काकू हसल्या. "काढून ठेवू का?"

"नको!" सर एवढ्या घाईने म्हणाले, की फिरायला आलेले दोघे वळून बघायला लागले. नवरा असेतोवर जोडवी पायातून निघत नाहीत.

"मग लांब उभी राहते."

"तेही नको. वाजू दे."

यंत्र वाजत राहिलं. मी बाकावर डोळे मिटून बसले. आवाज कारंज्याकडे गेला, चाफ्यापाशी रेंगाळला, परत फिरला. मध्येच तो थांबला आणि मी दचकून डोळे उघडले.

काकू नळावर पाणी प्यायला गेल्या होत्या. सर यंत्र खाली ठेवून त्यांची वाट बघत होते.