मंजुळाच्या पायाशी फोडलेले नारळ

सगळा महाराष्ट्र वेड्याला ठाण्याला पाठवायची भाषा करतो. आम्ही कोळीवाड्यातली माणसं ठाण्यातच जन्मलो, आम्ही कुठे पाठवणार? आम्ही त्याला पाटावर बसवून नारळ फोडतो, नाहीतर माहेरी धाडतो. मंजुळाच्या बाबतीत आम्ही दोन्ही करून बघितलं. वर आम्हीच शहाणे!

मी जनाबाई. मासळी बाजारात माझा आणि विमलाबाईचा ओटा शेजारी शेजारी. आमच्यात ओटा सासूकडून सुनेकडे जातो. सत्त्याऐंशी साली विमलाबाईचे गुडघे बसले आणि तिने ओटा थोरल्या सुनेला दिला. ती मंजुळा. आईबाप लहानपणीच गेलेले, आंबिवलीला मामाच्या घरी वाढलेली. हात असा चालायचा की पाटीभर मांदेली बघता बघता साफ. पण कधी कधी सकाळी केलेलं दुपारी तिला आठवायचं नाही. "जनामावशी, माझी कोळंबी कोणी विकली गो?" असं मलाच विचारायची. "तूच विकलीस बाय, झोपेत होतीस काय?" असं म्हणून मी हसायची. हसायची, हो. मी काही वेगळी नव्हती.

एक दिवस भाव करता करता एका गिऱ्हाइकाने तिचं मनगट धरलं. मंजुळा ताडकन उठली. मान ताठ, आवाज जाड, डोळे भलत्याच बाईचे. "पोरीला हात लावू नको!" गिऱ्हाईक पिशवी टाकून पळालं. आणि आमच्या बाया? कोयते खाली ठेवून हात जोडून उभ्या. देवी आली, देवी आली! कुठली देवी, कशाला आली, कोण विचारतो? कुंकवाची डबी तेवढी लगेच सापडली.

विमलाबाईला तर आयतंच घबाड. दर मंगळवारी ती सुनेला पाटावर बसवायची. धूप, गर्दी, कोणी पाय धरतोय, कोणी हात ओढतोय. मंजुळा आधी थरथरायची, मग तो जाड आवाज यायचा. बोलायचा एकच वाक्य, "पोरीला हात लावू नको." आता ह्यातून आमच्या हुशार लोकांनी काय काय काढलं, ऐका. धाकूने विचारलं, होडी कधी बाहेर काढू? उत्तर तेच. धाकू पंधरा दिवस होडी बांधून घरात बसला. लक्ष्मीने विचारलं, माझी कंबर कधी बरी होईल? उत्तर तेच. तिने पोरीला शाळेतून काढून घरकामाला जुंपलं, म्हणे पोरीला शाळेचा हात लागायला नको! आणि मी? माझ्या लेकाने, गोपीनाथाने, कळव्याची एक पोरगी पसंत केलेली. मी जाऊन विचारलं. उत्तर ऐकून घरी आली आणि जमलेलं लग्न मोडून टाकलं. गोपीनाथ अजून माझ्याशी धड बोलत नाही. अक्कल गहाण ठेवायची तर आधी थोडी असावी लागते.

चार वर्षं हे चाललं. मग एक्क्याण्णव साली भर बाजारात कोणीतरी मोठ्याने भांडायला लागलं आणि मंजुळा ओट्याखाली शिरली. गुडघे पोटाशी घेतलेले, लुगडं ओलं केलेलं. मी वाकून बघितलं तर आवाज सहा वर्षांच्या पोरीचा. "मामा आला काय? त्याला सांगू नको मी इथे हाय." ओठ असे थरथरत होते की माझ्या हातातला बोंबील गळून पडला. नाटक? असं नाटक करणारी बाई मला दाखवा, मी तिचे पाय धुवून पिईन.

पण आमच्या बायांनी नाकाला पदर लावला. कालपर्यंत जिच्या पायावर डोकं ठेवत होत्या, तिला म्हणाल्या, "शी, भूत लागलंय." म्हणजे ओरडली की देवी आणि रडली की भूत! विमलाबाई तर त्याहून वरची. देवी घरची होती, रडणारी सून मात्र लगेच परकी झाली. तिने आंबिवलीला गोमाजीमामाला निरोप धाडला, मंगळवारी येऊन तुमची पोर घेऊन जा. ओटा धाकट्या सुनेला, सरोजला द्यायचं ठरलं. मंजुळाचा नवरा दामाजी काय म्हणाला? काही नाही. त्या माणसाने आईसमोर आयुष्यात कधी पूर्ण वाक्य बोललेलं नाही.

मंजुळाने माझे हात धरले. "मावशी, माझा ओटा घ्या, मला कुठेही धाडा, पण आंबिवलीला नको." का नको, ते तिला सांगता येईना. "मला आठवतच नाय," म्हणाली, आणि अंग तर लटलट कापत होतं.

वर्तकनगरच्या डॉक्टर कांताताई दर बुधवारी माझ्याकडून मासळी न्यायच्या. डोक्याच्या डॉक्टर, नौपाड्यात दवाखाना. मी मंजुळाला घेऊन तिथे गेली. ताईंनी तिला कुणासारखं बोलून दाखव म्हटलं नाही. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली आणि विचारलं, "आता माझ्याशी कोण बोलतंय?" बस्स, एवढंच. चार वर्षांत आमच्यापैकी एकाला हे सुचलं नव्हतं.

नंतर मंजुळाला विचारून ताईंनी मलाही समजावलं. आजाराचं नाव लांबलचक इंग्रजी, माझ्या तोंडात बसलं नाही. पण गोष्ट कळली. लेकराला सोसवणार नाही असं काही परत परत होतं, पळायला जागा नसते, तेव्हा ते मनातल्या मनात स्वतःला वाटून घेतं. एक भाग भीती सांभाळतो, एक भाग राखण करतो, एक रोजचं जगतो. एकाला दुसऱ्याचं आठवत नाही. "भूत नाही, सोंग नाही," ताई म्हणाल्या. "सगळी तीच आहे. जी येईल तिच्याशी नीट बोला. तमाशा करू नका." वेळ लागेल म्हणाल्या, वर्षं लागतील. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

मंगळवार आला. विमलाबाईच्या घरात माणूस मावत नव्हता. सून जाताना शेवटचा कौल घ्यावा म्हणून धाकू नारळ घेऊन आलेला! गोमाजी पांढरीशुभ्र टोपी घालून, चहा पिऊन, पान खाऊन तृप्त. गठुडं बांधून तयार होतं. मंजुळा भिंतीला चिकटलेली. तो उठला, "चल गो," म्हणाला आणि त्याने तिचं मनगट धरलं.

"पोरीला हात लावू नको!"

अख्खं घर हात जोडून खाली बसलं. धाकूने नारळ उचलला. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "नारळ ठेव खाली, मेल्या!" मी ओरडली. "होडीचं उत्तर नव्हतं ते! कंबरेचं नव्हतं, माझ्या गोपीनाथाचं नव्हतं! ह्या माणसाला सांगतेय ती! बघा त्याच्याकडे!"

सगळ्यांनी बघितलं. गोमाजीच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलेलं. त्याने हात सोडला आणि खाली मान घालून चपला शोधायला लागला. कोणी काही विचारलं नव्हतं तरी म्हणाला, "मी काय केलं? ती लहानपणापासून खोटारडी." आणि दामाजी उठला. त्याने मामाच्या चपला रस्त्यावर फेकल्या आणि मग मामालाही दार दाखवलं. आईला म्हणाला, "ओटा मंजुळाचाच राहील." पूर्ण वाक्य!

मी मंजुळाच्या जवळ गेली, पण हात लावला नाही. विचारलं, "कोण आलंय गो?" जाड आवाज म्हणाला, "तो गेला?" मी म्हटलं, "गेला. तू बस आता, दमली असशील." ती भिंतीला टेकून बसली. एवढ्या वर्षांत तिला दमलीस, बस, म्हणणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर निवट्या साफ करता करता मंजुळाने हळूच विचारलं, "मावशी, काल मामा येणार होता ना?"

"येऊन गेला. आता यायचा नाय."

"कोणी घालवला?"

"तू."

"मी?" तिचा कोयता थांबला. "त्याच्यासमोर मी तोंड पण उघडत नाय."

"उघडतेस बाय," मी म्हटलं. "चार वर्षं सांगत होतीस. आम्ही नारळ फोडत बसलेलो."